ताबा न घेता जतन: बगाई कुटुंबाच्या कागदांचं प्रकरण

पेशावरचे वैष्णोदास बगाई, पत्नी कला आणि तीन मुलगे ६ सप्टेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातल्या एंजल आयलंड इमिग्रेशन स्थानकावर उतरले. तिथल्या वर्तमानपत्राने दखल घेतली ती कला बगाईंच्या नाकातल्या हिऱ्याची. नाकात हिरा घालायची ही नवी फॅशन भारतातून आली आहे, असा बातमीचा सूर होता. सरकारने या कुटुंबाची दखल घेतली ती आधी बंदरावर चौकशी करताना आणि पुढे नागरिकत्व काढून घेताना. या माणसांना अमेरिकेत रोज काय सोसावं लागलं, ते कुणासोबत राहिले, कुणी त्यांना घरात येऊ दिलं नाही, हे यातल्या कुठल्याच दप्तरात नाही. ते घरातल्या फोटोंत, पत्रांत आणि कला बगाईंनी म्हातारपणी दिलेल्या एका मुलाखतीत आहे.

हे घरचं दप्तर आज कुणालाही इंटरनेटवर पाहता येतं, आणि त्यासाठी कुटुंबाला मूळ वस्तू कुणाच्या हवाली कराव्या लागल्या नाहीत. हे कसं जमलं, त्यात काय नेमकेपणाने करावं लागतं आणि कुठे फसतं, ते इथे मांडलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: अशा कामात स्कॅनिंग सगळ्यात सोपं आहे. संग्रह टिकणार की नुसता फाइलींचा ढीग होणार, हे परवानगीच्या कागदावर आणि नोंदीवर ठरतं.

आधी पार्श्वभूमी

वैष्णोदास गदर चळवळीशी, म्हणजे इंग्रजांचं राज्य उलथवू पाहणाऱ्या परदेशस्थ भारतीयांच्या चळवळीशी, जोडलेले होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी दुकान काढलं आणि १९२१ साली ते अमेरिकन नागरिक झाले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यातल्या ‘गोऱ्या व्यक्ती’ या शब्दांत भारतीय बसत नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही. त्यापाठोपाठ आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला, त्यात वैष्णोदासांचंही गेलं. कॅलिफोर्नियाचा परक्यांच्या जमिनीबाबतचा कायदा लागू झाल्याने मालमत्ता हातची गेली. भारतात जाऊन यायचं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं सांगण्यात आलं. इंग्रजांचं राज्य नको म्हणून देश सोडलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं होतं. १९२८ साली त्यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेलं एक पत्र त्यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ला उद्देशून लिहिलं होतं. सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्याला काय अर्थ, असा प्रश्न त्यात आहे.

कला बगाईंनी मुलांना वाढवलं, पुढे दुसरं लग्न केलं. २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना पुन्हा नागरिकत्वाची दारं उघडली, त्यानंतर त्याही नागरिक झाल्या. लॉस एंजेलिसच्या भारतीयांत त्या ‘झाईजी’ म्हणून ओळखल्या जात. १९८३ साली त्या वारल्या. त्यांची मुलाखत झाली ती आदल्याच वर्षी, १९८२ साली.

बर्कलेचा ट्रक

त्या मुलाखतीत एक प्रसंग येतो. कुटुंबाने बर्कलेत घर घेतलं. सगळं सामान ट्रकवर लादून ते दारात पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. ही माणसं आपल्या मुलांना त्रास देतील, मला इथे राहायचंच नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि ट्रक माघारी फिरला.

या प्रसंगाची तक्रार कुणी केली नसेल तर तो पोलिसांच्या वहीत येत नाही. खटला झाला नसेल तर न्यायालयात येत नाही. तो फक्त कला बगाईंच्या तोंडून आला. सप्टेंबर २०२० मध्ये बर्कलेच्या नगर परिषदेने शहराच्या मध्यवर्ती भागातल्या शॅटक अॅव्हेन्यूच्या दोन चौकांएवढ्या तुकड्याला ‘कला बगाई वे’ हे नाव दिलं. बर्कलेतल्या दक्षिण आशियाई इतिहासाच्या पायी फेऱ्या चालवणारे कार्यकर्ते या मागणीच्या पुढे होते, आणि ज्या शहराने या बाईंना घरात पाऊल ठेवू दिलं नाही त्या शहराने त्यांचं नाव रस्त्याला द्यावं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. एक मुलाखत झाली नसती तर ही मागणी कशाच्या आधारावर उभी राहिली असती?

इथे मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवतील. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला तो तिघींचा फोटो, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली, आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. तो टिकला कारण तिघी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या आणि महाविद्यालयाने आपले कागद सांभाळले. संस्थेत शिरलेल्या माणसाची नोंद संस्था ठेवते. दुकान सांभाळणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या बाईची नोंद फक्त घर ठेवतं, आणि घरं रिकामी होतात, विकली जातात, तळघरात पाणी शिरतं.

मूळ घरी, प्रत सर्वांसाठी

साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही संस्था समीप मल्लिक आणि मिशेल कॅसवेल यांनी २००८ साली सुरू केली. ती कुठल्याही विद्यापीठाची शाखा नाही, तिचं ठाणं आज फिलाडेल्फियात आहे. तिची रीत अशी: वस्तू मालकाकडून थोडे दिवस घ्यायची किंवा त्यांच्याच घरी जाऊन तिची डिजिटल प्रत करायची, सविस्तर नोंद लिहायची, मूळ वस्तू परत द्यायची. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि त्यांच्या जोडीला फिजी, गयाना, त्रिनिदादमार्गे आलेली कुटुंबं, असा तिचा पसारा आहे. वैष्णोदास आणि कला यांच्या नात राणी बगाई यांनी कुटुंबाचे फोटो आणि कागद या संग्रहात दिले.

नेहमीच्या अभिलेखागारात कुटुंब दानपत्रावर सही करतं आणि कागद कायमचे संस्थेचे होतात. ज्यांच्याकडून देशाने नागरिकत्व, दुकान, घर असं एकेक काढून घेतलं, त्यांच्या नातवंडांकडे जाऊन ‘आता पत्रंही द्या’ म्हणणं किती जड जातं, हे ज्यांनी अशी बोलणी केली आहेत त्यांना ठाऊक असतं. मूळ घरीच राहणार म्हटलं की कपाटं उघडतात. शिवाय नियंत्रित तापमानाचं गोदाम लागत नाही, छोटी संस्था भाड्याच्या दोन खोल्यांतून चालू शकते.

उणी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. मूळ वस्तूच्या जतनाची हमी इथे कुणीच देत नाही. पुढची पिढी ती टाकून देऊ शकते आणि मग स्कॅन हीच एकमेव प्रत उरते. म्हणून ‘नंतर परत नीट करू’ या भरवशावर घाईचं स्कॅन कधी करू नये. दुसरं, सर्व्हर, डोमेन आणि माणसांचा पगार हा खर्च दरवर्षी येतो. अनुदान एकदाच येतं.

परवानगी: पेटी ज्यांची, हक्क त्यांचाच असं नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पत्राचा कागद ज्याच्या घरी आहे तो कागदाचा मालक. मजकुराचा स्वामित्वहक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. स्टुडिओत काढलेल्या फोटोचा हक्क फोटोग्राफरचा की पैसे देऊन तो काढवून घेणाऱ्याचा, हे देश आणि काळ पाहून ठरतं. लेखकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेत साधारण ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हा हक्क राहतो. त्यामुळे आजोबांना त्यांच्या मित्राने लिहिलेली पत्रं नातू ‘देऊ’ शकतो ती फक्त प्रत काढण्यापुरती. मंडळींची समजूत वेगळी असते, म्हणून हे पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं.

परवानगीच्या कागदावर पाच गोष्टी हव्यात: वस्तू कुणाची, प्रत नुसती जपायची की लोकांना दाखवायचीही, डाउनलोड करू द्यायचं का, पैसे घेऊन वापर करणाऱ्याला कोण परवानगी देणार, आणि देणाऱ्याच्या पश्चात निर्णय कुणाकडे. शेवटचा मुद्दा लोक टाळतात आणि दहा वर्षांनी तोच अडतो. ‘वाटलं तर काढून घेऊ’ हे कलम ठेवावंच, पण तोवर ज्यांनी प्रत उतरवून घेतली ती परत येणार नाही, हे तोंडी स्पष्ट सांगावं. कागद देणाऱ्याच्या भाषेत असावा. इंग्रजी कायदेशीर भाषेत सही घेतली की ती कायद्याला पुरते, माणसाला पुरत नाही.

मग फोटोतली आणि पत्रांतली इतर माणसं. सोशल सिक्युरिटी क्रमांक, इमिग्रेशन फायलीचा क्रमांक, जिवंत माणसाचा पत्ता, आजाराचा उल्लेख हे दाखवायच्या प्रतीत झाकावं आणि मूळ स्कॅन बंद ठेवावं. झाकताना पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही. खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. चित्रावरच पट्टी पक्की करून नवी फाइल काढावी लागते. कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही हयगय थेट त्याच्या घरादारावर येते.

जातीचा प्रश्न याच्याच शेजारचा. अमेरिकेत राहणाऱ्या कित्येक दलित कुटुंबांनी आपलं आडनाव किंवा गाव मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं, कारण ऑफिसात आणि मंडळातही त्याचा त्रास होतो. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, ती उगाच नाही. अशा घरातल्या आंबेडकर जयंतीच्या फोटोखाली उत्साहाने सगळ्यांची पूर्ण नावं लिहिणारा स्वयंसेवक त्यांचं नुकसान करून बसतो. नाव लिहू का, हे प्रत्येकाला वेगळं विचारावं. बंद नोंद आणि खुली नोंद अशा दोन नोंदी ठेवण्याची सोय सुरुवातीलाच करावी, नंतर ती बसवणं फार कटकटीचं असतं.

प्रत करताना

पत्रं ४०० पीपीआय (एका इंचात इतके ठिपके), रंगीत. कागद काळा-पांढरा दिसला तरी रंगीतच, कारण शाईतला फरक, डाग आणि शिक्के रंगातच कळतात. चार बाय सहा इंची फोटो ६०० पीपीआय, पासपोर्ट आकाराचे १२००, पस्तीस मिलिमीटरच्या स्लाइड ३००० ते ४०००. मूळ फाइल टिफ प्रकारची, कॉम्प्रेस न करता. दाखवायची प्रत जेपेग. ४०० पीपीआयला ए-फोर आकाराचं एक पान सुमारे ४६ एमबी होतं, ६०० ला चार बाय सहाचा फोटो सुमारे २६ एमबी. पाचशे पानांच्या पत्रव्यवहाराला २३ जीबी धरा. हा हिशेब आधी मांडला नाही की अर्ध्या वाटेवर डिस्क भरते आणि कुणीतरी ‘आता जेपेगच करू’ म्हणतं.

फोटोची मागची बाजू स्कॅन करायचीच. स्टुडिओचा शिक्का, तारीख, ‘मधली वहिनींची बहीण’ अशी पेन्सिलीची ओळ, सगळं मागे असतं. मागे काही नसलं तरी एकदा पाहून ‘मागे कोरं’ अशी नोंद करावी.

हवाई डाकेची निळी घडीची पत्रं (एरोग्राम) सगळ्यांत त्रासदायक. कागद इतका पातळ की मागचा मजकूर पुढे उमटतो. मागे काळा कागद ठेवून स्कॅन केलं की तो दबतो. लिहिणारे कडेच्या घडीवर, उभ्या समासात, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा लिहीत. म्हणून पत्र पूर्ण उलगडून दोन्ही बाजू, आणि घडी घातलेल्या स्थितीत पत्ता-तिकिटाची बाजू, असे किमान तीन स्कॅन. वाचनाचा क्रम नोंदीत लिहावा. तिकीट कापून घेतलेलं असेल तर त्यामागचा मजकूरही गेलेला असतो, तेही लिहावं.

१९७०-८० च्या दशकांतले चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम जवळजवळ प्रत्येक स्थलांतरित घरात आहेत आणि फोटोंचे ते वैरी आहेत. डिंक पिवळा पडून फोटो पानाला घट्ट धरून ठेवतो. आधी अख्खं पान जसंच्या तसं स्कॅन करा, म्हणजे कोणता फोटो कुणाशेजारी होता हे राहील. मग मेण नसलेला दातांचा दोरा एका कोपऱ्यातून फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू ओढा. फोटो वाकायला लागला की थांबा. न सुटणारा फोटो पानासकट स्कॅन झाला तरी चालतो. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये, वरचा थर फुगतो.

घाई करायची असेल तर ती दोन गोष्टींची. फॅक्सचे आणि पावत्यांचे थर्मल कागद, जे पांढरे होत जातात, आणि कॅसेटा. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर कधीच नको. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या सपाट उघडून काढाव्यात, ओढून नाही.

कॅसेट हातात आली की पहिलं काम वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या तोडणं, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. पट्टीला दाबणारं फोमचं पॅड पडलेलं असेल तर कॅसेट न वाजवता दुसऱ्या कवचात घालावी. वाजवतानाच रेकॉर्ड करावं. ‘आधी ऐकून बघू’ म्हणताना पट्टी अडकून तुटल्याची उदाहरणं कमी नाहीत, विशेषतः पातळ पट्टीच्या १२० मिनिटांच्या कॅसेटांची. आवाज दबका येत असेल तर पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवणारा बारीक स्क्रू फिरवून तीव्र स्वर सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबावं. रेकॉर्डिंगची फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही: तासाला सुमारे २ जीबी. खरखर काढायची ती फक्त दाखवायच्या प्रतीतून. मूळ फाइल खरखरीसकट ठेवायची.

फाइलींच्या नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा, कारण देवनागरी नावं एका यंत्रणेतून दुसरीत जाताना विस्कटतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा, ती जराही बदलली की बदलणारा आकडा) पहिल्याच दिवशी काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा ताडून पाहावा. चेकसम नसेल तर फाइल बिघडल्याचं ती उघडायला जाईपर्यंत कळत नाही, आणि तोवर बिघडलेली प्रतच बॅकअपवर गेलेली असते.

नोंद: इथे खरा वेळ जातो

एका फोटोच्या स्कॅनला दोन-तीन मिनिटं लागतात, चांगल्या नोंदीला दहा. वेळेचं अंदाजपत्रक याच प्रमाणात करावं, पण बहुतेक जण उलटं करतात.

कला बगाई यांचंच घ्या. त्या कागदोपत्री कला बगाई आहेत, श्रीमती वैष्णोदास बगाई आहेत, दुसऱ्या लग्नानंतर कला चंद्रा आहेत आणि लोकांच्या तोंडी झाईजी. चार नावं एका माणसाला जोडणारी सूची नसेल तर शोधणाऱ्याला चार बायका सापडतात, किंवा एकही नाही. पुरुषांच्या नावांची वेगळी तऱ्हा: बंदरावरच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, म्हणून एकाच ‘सिंग’ची तीन स्पेलिंगं. प्रत्येक रूप नोंदीत ठेवावं, एक रूप मुख्य धरावं, आणि मुख्य कोणतं हे कुटुंबाला विचारून ठरवावं.

त्या काळी अमेरिकेत शीख, मुसलमान, हिंदू सगळ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. वर्तमानपत्राचा मथळा उद्धृत करताना तो शब्द तसाच ठेवावा, पण आपल्या वर्णनात माणसाला त्याच्या स्वतःच्या ओळखीने लिहावं. पेशावर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्तानात होतं, आज पाकिस्तानात आहे. दोन्ही लिहिलं नाही तर पाकिस्तानी वंशाच्या वाचकाला तो संग्रह आपला वाटणार नाही, आणि तो त्याचाही आहे.

वर्णन लिहायला घरातलं माणूस शेजारी बसवणं हा सर्वांत चांगला मार्ग. फोटो पुढे ठेवून ‘हे कोण’ एवढंच न विचारता ‘फोटो कुणी काढला, यात कोण नाही आणि का नाही’ असं विचारलं की माणसं बोलती होतात. ते बोलणं रेकॉर्ड करून फोटोच्या नोंदीला जोडावं. वैष्णोदासांच्या शेवटच्या पत्रासारखी वस्तू असेल, तर ती दाखवायची का, कशासोबत दाखवायची, हा निर्णय कुटुंबाचा. संदर्भाविना ते पत्र एका माणसाच्या खासगी दुःखाचं प्रदर्शन होईल. १९२३ चा निकाल, जमिनीचा कायदा आणि पासपोर्टचा नकार शेजारी ठेवला की ते एका धोरणाविरुद्धची साक्ष ठरतं.

कोण अजून बाहेर आहे

ओळखीतून ओळख काढत संग्रह वाढवला की ओळखीच्यांचाच संग्रह होतो: इंग्रजी बोलणारे, उच्चशिक्षित, बहुधा सवर्ण, आणि ज्यांच्या घरात कागद ठेवायला कपाट होतं असे. टॅक्सीचालक, मोटेलात साफसफाई करणाऱ्या बायका, कॅरिबियनमधून आलेली गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) नातवंडं, दलित, समलिंगी माणसं मागे राहतात. फिलाडेल्फियाच्या या संस्थेने यावर फेलोशिपचा मार्ग काढला: दुर्लक्षित गटातल्याच माणसाला मानधन देऊन त्याच्या समाजाची सामग्री त्यानेच निवडायची, त्यानेच नोंदवायची. मानधन हा यातला कळीचा भाग आहे. फुकट काम करायला ज्यांना परवडतं त्यांचाच इतिहास मग जमा होत राहतो.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना हे सगळं लागू आहे. उत्तर अमेरिकेतल्या या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. देवनागरी फॉन्ट घरोघरी नव्हते तेव्हाच्या हस्तलिखित, चक्रमुद्रित अंकांची आणि स्मरणिकांची थप्पी माजी पदाधिकाऱ्यांच्या गॅरेजात आहे. अशा हस्ताक्षरावर मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर फारसं चालत नाही. अनुक्रमणिका आणि लेखकांची नावं हाताने टाइप करावी लागतील. फोटोंतली पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. अंक थोडे थांबू शकतात, ही माणसं थांबू शकत नाहीत. सुरुवात त्यांच्यापासून करावी, आणि त्यांतही आधी त्यांच्यापासून, जे कधी कुठल्या कार्यकारिणीत नव्हते.